"आपलं टायअप आहे ना?" : पुण्यातून परदेशी सेमिस्टरला निघताना कुठून सुरू करायचं

ॲडमिशनचा गोंधळ जरा ओसरला की माझ्या टेबलासमोर एक वाक्य हमखास येतं, "मॅडम, आपल्या कॉलेजचं जर्मनीत टायअप आहे ना, मग मला जाता येईल ना?" बरोबर आई नाहीतर वडील, हातात कॉलेजचं माहितीपत्रक आणि त्यावर पंधरा-वीस देशांचे झेंडे. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलचं काम बघते, शिकवणं सांभाळून, म्हणजे अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस मेलामेली. गेल्या काही वर्षांत त्या शेवटच्या "ना"ला सरळ हो म्हणणं अवघड होत चाललंय, कारण करारावर सह्या इथे होतात, व्हिसा तिसरीकडेच अडतो आणि मधल्यामधे सरकारं बदलतात, भांडतात, नियम फिरवतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं, ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही त्यांच्यासाठी. एजंटकडे जायच्या आधी वाचा.

पहिलं काम: टायअप म्हणजे नक्की काय, ते कागदावर बघा

टायअप हा शब्द कुठल्याच कागदावर नसतो. कागदावर असतो एमओयू, म्हणजे सामंजस्य करार. दोन पानं, दोन सह्या, शाल-श्रीफळ, एक ग्रुप फोटो. आत एक ठरलेलं वाक्य, की दोन्ही संस्था विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीच्या शक्यता पडताळून पाहतील. पडताळून पाहतील! म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. आमच्या कपाटात अशा फायली आहेत ज्या सह्या झाल्या त्या दिवसानंतर कुणी उघडलेल्या नाहीत, आणि झेंडा मात्र दरवर्षी माहितीपत्रकात छापला जातो.

तुम्हाला जायचं असेल तर एमओयूच्या पुढचा कागद लागतो, स्टुडंट एक्सचेंज ॲग्रीमेंट किंवा करारामागे जोडलेलं परिशिष्ट. तो मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर समजून जा. हातात आला की तीन गोष्टी बघा: मुदत संपलीय का (बरेचसे करार पाच वर्षांचे असतात आणि नूतनीकरण करायचं सगळेच विसरतात), वर्षाला जागा किती, आणि तिकडची ट्यूशन फी माफ आहे का. खऱ्या एक्सचेंजमध्ये तुम्ही फी इथे कॉलेजलाच भरता आणि तिकडे ट्यूशन फी लागत नाही, राहणं-खाणं-विमान तुमचं. पण "पार्टनर आहे, सेमिस्टरला जा" म्हणत पूर्ण फी तिकडे भरायला लावणारा प्रकारही असतो, त्यात गैर काही नाही, फक्त त्याला एक्सचेंज म्हणू नका आणि बजेट तसं करा.

तिसरा प्रकार पदवीचा. ट्विनिंग, जॉइंट डिग्री, ड्युअल डिग्री. याचे नियम यूजीसीने मे 2022 मध्ये काढले. इथल्या संस्थेला नॅकचा (संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद) किमान 3.01 स्कोअर हवा, किंवा एनआयआरएफच्या (केंद्र सरकारचं रँकिंग) विद्यापीठ यादीत पहिल्या 100 मध्ये जागा हवी, किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्सचा दर्जा हवा. तिकडची संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक रँकिंगमध्ये पहिल्या 1000 मध्ये हवी, निदान विशेष मंजुरीशिवाय करार करायचा असेल तर. ट्विनिंगमध्ये पदवी इथलीच मिळते आणि परदेशातले क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक) 30 टक्क्यांपर्यंतच चालतात. जॉइंटमध्ये दोघांकडे किमान 30 टक्के आणि सर्टिफिकेट एकच. ड्युअलमध्ये दोन पदव्या, त्यातही इथे किमान 30 टक्के. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला हे लागू नाही, आणि फ्रँचायझीला बंदी आहे. तेव्हा कुणी क्लासवाला "परदेशी विद्यापीठाची पदवी कोथरूडमध्ये बसून" असं सांगायला लागला तर हे सगळं त्याला विचारा, बहुतेक वेळा विषय बदलतो.

इथे एक गोष्ट सांगते जी विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. एक्सचेंजच्या जागा हिशेबावर चालतात. इकडून दोन गेले तर तिकडून दोन यावेत अशी अपेक्षा असते, आणि तिकडून कुणी आलंच नाही तर दोन-तीन वर्षांनी पार्टनर गोड शब्दात जागा कमी करतो. आता पुण्याला बाहेरचे विद्यार्थी नवीन नाहीत, सिंबायोसिसची सुरुवातच 1971 मध्ये डॉ. शां. ब. मुजुमदारांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठीची संस्था म्हणून केली होती, आणि इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतल्या देशांतली मुलं इथे वर्षानुवर्षं शिकलीत. पण एक सेमिस्टर येणारा युरोपियन मुलगा वेगळा. त्याला इथे खोली मिळेना, बँक खातं उघडेना, 180 दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर 14 दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणी करायची त्याचा पत्ता नाही, आणि पहिल्याच आठवड्यात मिसळ खाऊन पोट बिघडलेलं. त्याला जो बडी लागतो ना, तो व्हा. त्या मुलाकडून तुम्हाला त्याच्या विद्यापीठाची जी माहिती मिळेल ती कुठल्या वेबसाइटवर नाही, आणि नॉमिनेशनच्या वेळी, म्हणजे कॉलेज पार्टनरला तुमची नावं कळवतं तेव्हा, सेलमध्ये तुमचं नाव सगळ्यांना माहीत असतं. वशिला नाही हा, ओळख.

दुसरं: देश निवडताना रँकिंगच्या शेजारी बातम्याही ठेवा

घाबरवायचं नाहीये. पण मागच्या दोन-तीन वर्षांत जे झालं ते नजरेखालून घाला म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि काही दिवसांतच जेएनयूने तिथल्या इनोनू विद्यापीठाबरोबरचा करार थांबवला, आयआयटी मुंबईने तुर्की विद्यापीठांबरोबरचे करार स्थगित केले. म्हणजे व्हिसा, गुण, पैसे सगळं तयार असतं तरी कागदच राहिला नसता. हे आपल्या बाजूनेही होऊ शकतं, ते लक्षात ठेवा.

त्याच महिन्यात अमेरिकेने 27 तारखेला विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवलं. 18 जूनला परत सुरू केलं पण अट घातली की एफ, एम आणि जे (शिक्षण आणि एक्सचेंजसाठीचे) व्हिसा मागणाऱ्यांनी सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायची. ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू होतं, हिशेब करा, तीन आठवडे गेले म्हणजे किती गेले. हार्वर्डचं परदेशी विद्यार्थी घेण्याचं प्रमाणपत्र 22 मे 2025 ला सरकारने काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाने त्याला स्थगिती दिली. एवढं मोठं विद्यापीठ, तिथली पोरं एक रात्र आपण नक्की कुठे आहोत या विचारात बसली असतील.

कॅनडाचं तर सप्टेंबर 2023 पासून आपल्याशी बिनसलं, जानेवारी 2024 मध्ये त्यांनी स्टडी परमिटवर मर्यादा आणली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये एसडीएस नावाची जलद सोय बंद केली. ब्रिटनने जानेवारी 2024 पासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना कुटुंब बरोबर न्यायला मनाई केली, आणि 1 जानेवारी 2027 पासून ग्रॅज्युएट रूटला (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा व्हिसा) अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिने मिळणार, पीएचडीवाले सोडून. ऑस्ट्रेलियाने व्हिसा फी 710 डॉलरवरून जुलै 2024 मध्ये 1600 केली आणि वर्षभरात 2000. डॉलर त्यांचे, पण तरी.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. अर्थ एवढाच की एका सेमिस्टरला जाणारा आणि दोन वर्षांच्या मास्टर्सला जाणारा, दोघांची जोखीम एक नाही. सेमिस्टरवाल्याला नोकरीचे नियम फारसे लागत नाहीत, त्याला फक्त व्हिसा वेळेत हवा. मास्टर्सवाल्याचं सगळं गणित शिक्षणानंतरच्या कामावर आणि कर्जफेडीवर असतं, त्याला तिकडच्या निवडणुकीचा निकालसुद्धा बघावा लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये एच-1बीच्या (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरची फी आली तेव्हा माझ्याकडे फोन आले ते सगळे मास्टर्सवाल्यांच्या आईवडिलांचे. एका काकांनी हडपसरचा फ्लॅट गहाण ठेवला होता. त्यांना काय सांगणार, ऐकून घेतलं.

अमेरिकेला एक्सचेंजने जाणाऱ्यांनी अजून एक बघायचं. एक्सचेंजला बहुधा एफ-1 नाही, जे-1 व्हिसा लागतो, कागद डीएस-2019 नावाचा, सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) फी 220 डॉलर (एफ-1 ला 350). जे-1 वर पूर्वी बऱ्याच भारतीयांना परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागायची. ही अट कुठल्या देशांना लागते ते ज्या कौशल्य यादीवरून ठरतं त्यातून डिसेंबर 2024 मध्ये भारताचं नाव निघालं, त्यामुळे यादीमुळे लागणारी अट गेली, पण सरकारी पैशावर जात असाल, उदाहरणार्थ फुलब्राइट, तर ती अजून आहे. जुने ब्लॉग वाचून घाबरलेले विद्यार्थी अजून येतात म्हणून सांगितलं.

माझा सल्ला, दोन देश आणि तीन विद्यापीठं निवडा. आणि दोन्ही देश एकाच भांडणात सापडणारे नकोत.

तिसरं: क्रेडिट. इथेच सगळे फसतात

जर मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असेल तर मी हीच सांगेन, बाकी सगळं गुगल करून सापडतं.

आधी तुमचं कॉलेज कुठल्या जातीचं आहे ते बघा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न साधं कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्या, कॉलेज स्वतःच्या मनाने तिकडचे क्रेडिट इकडे धरू शकत नाही. प्राचार्यांनी "हो हो, करू ॲडजस्ट" म्हटलं तरी. स्वायत्त कॉलेज असेल, फर्ग्युसनसारखं, तर त्यांचं स्वतःचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद असते, तिथून ठराव होऊ शकतो. खासगी किंवा अभिमत विद्यापीठात सोपं. सीओईपीसारखं जे 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं तिथेही निर्णय घरातच होतो. तर पहिला प्रश्न, "क्रेडिट कोण मंजूर करणार आणि ते लेखी कधी मिळणार?" तोंडी उत्तर मोजू नका.

मग गणित. युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिटची पद्धत चालते, वर्षाला 60, सेमिस्टरला 30, एक म्हणजे 25 ते 30 तास. आपल्याकडे नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाला 40, सेमिस्टरला 20, एक म्हणजे 30 तास. ब्रिटनमध्ये वर्षाला 120. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण 15, आणि बॅचलर्सच्या विद्यार्थ्याने 12 च्या खाली गेलं तर व्हिसाचीच अडचण होते. म्हणजे 30 ईसीटीएस करून आलेला पोरगा इथे 20 क्रेडिट मागणार, पण काही कॉलेजं दोनास एक धरतात आणि 15 देतात. उरलेल्या पाचांचं काय? बॅकलॉग. आणि हे परत आल्यावर कळतं.

म्हणून लर्निंग ॲग्रीमेंट. तक्ता असतो, डावीकडे तिकडचे विषय, उजवीकडे इथले कुठले विषय माफ होणार ते, खाली तीन सह्या: विद्यार्थी, इथला समन्वयक, तिकडचा समन्वयक. नावं जुळायला लागत नाहीत, आशय जुळायला लागतो, साधारण सत्तर टक्के जुळलं तर आमचे एचओडी सही करतात, बाकीच्यांचं त्यांना विचारा. तिकडे पोहोचल्यावर निम्मे विषय बदलतात, वेळापत्रक आपटतं, एखादा कोर्स फक्त जर्मनमधून निघतो. बदलला की लगेच, त्याच आठवड्यात, नवा तक्ता करून परत सह्या घ्या. डिसेंबरमध्ये मेल केला तर मी उत्तर देईन, पण अभ्यास मंडळाची बैठक होऊन गेलेली असेल.

आणि ग्रेड. हा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडचा मेकॅनिकलचा एक मुलगा जर्मनीहून आला, एका अवघड विषयात 1.7 घेऊन. जर्मनीत 1.0 सगळ्यात भारी, 4.0 ला काठावर पास, 5.0 नापास. म्हणजे 1.7 हा कौतुकाचा आकडा. आमच्या परीक्षा विभागातल्या भाऊंनी तो दहाच्या स्केलवर चढवला. दहापैकी 1.7. संगणकाने सरळ एफ काढला आणि पोराच्या घरी नापास असल्याचा मेसेज गेला. त्याची आई रडत माझ्याकडे, मुलगा हसतोय, आणि भाऊ म्हणतात, "मॅडम, जो आकडा आला तो टाकला, मी काय करू?" त्यांचं चूक नव्हतंच, रूपांतराचा तक्ता आम्ही करूनच दिला नव्हता. दुरुस्त व्हायला चार महिने लागले आणि तोवर कॅम्पस प्लेसमेंटच्या दोन कंपन्या निघून गेल्या. तेव्हापासून मी लर्निंग ॲग्रीमेंटबरोबर ग्रेड रूपांतराचं पानही जोडते. तुमच्या सेलमध्ये नसेल तर स्वतः मागा, भांडून मागा.

वेळापत्रकाचंही बघा. जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, परीक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत. इथलं दुसरं सेमिस्टर तोवर जानेवारीत सुरू झालेलं असतं. म्हणजे जाता एका सेमिस्टरला आणि फटका बसतो दोघांना, हजेरीचा आणि इंटर्नलचा. अमेरिकेचं ऑगस्ट ते डिसेंबर त्या मानाने आपल्याला सोयीचं. हजेरीच्या सवलतीचं पत्र निघायच्या आधीच घ्या.

चौथं: पैसे

फी माफ झाली म्हणजे फुकट झालं असं नाही. जर्मनीला व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो, वर्षाचे 11904. पैसे तुमचेच, पण ते आधी एकरकमी उभे करावे लागतात आणि मग दर महिन्याला हप्त्याने तुम्हालाच परत मिळतात. कॅनडाने राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम सप्टेंबर 2025 पासून 22895 कॅनेडियन डॉलर केली. आकडे बदलत राहतात, अर्ज करायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा, माझ्या लेखावरून बँकेत जाऊ नका.

बाहेर पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर गेलात की टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जातो, शैक्षणिक कर्ज काढून पाठवत असाल तर नाही. तो रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा वळता होतो, पण तेवढे पैसे तोवर अडकतात. बाबांच्या सीएला विचारा.

शिष्यवृत्त्यांबद्दल एक गैरसमज दूर करते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती (अनुसूचित जातींसाठी, समाज कल्याण आयुक्तालय इथे पुण्यातच आहे) किंवा सारथीची परदेश शिष्यवृत्ती (तेही ऑफिस पुण्यात), या पूर्ण पदव्युत्तर किंवा पीएचडीसाठी असतात, सेमिस्टर एक्सचेंजला नाहीत, आणि उत्पन्न, रँकिंगच्या अटी दरवर्षी जाहिरातीत बघाव्या लागतात. एक्सचेंजला पैसे हवेत तर इरॅस्मस प्लसचा (युरोपीय संघाची देवाणघेवाणीची योजना) करार आहे का ते सेलमध्ये विचारा, त्यात महिन्याचं अनुदान आणि प्रवासखर्च मिळतो. आणि मास्टर्सच करायचंय तर इरॅस्मस मुंडस बघाच, महिन्याला 1400 युरो मिळतात, दोन-तीन देशांत शिकायला मिळतं आणि एखादा देश रुसला तरी बाकीचे असतात.

पाचवं: कागद, उलट्या क्रमाने

निघायच्या तारखेपासून मागे मोजत या. ऑक्टोबरला जायचं तर पार्टनरकडे नॉमिनेशन मार्च-एप्रिलमध्ये जातं, म्हणजे आमच्याकडची निवड जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे पासपोर्ट त्याच्या आधी हातात. पासपोर्टला मुंढव्याच्या सेवा केंद्रात जाणं फार अवघड नाही, पोलीस व्हेरिफिकेशनला भाड्याच्या खोलीचा करार नसला की अडतं, आणि पुण्यात बाहेरगावच्या निम्म्या मुलांकडे तो नसतो. मूळ गावच्या पत्त्यावर काढणं सोपं पडतं का ते बघा.

ट्रान्स्क्रिप्ट, बोनाफाईड, एनओसी हे तीन कागद एकाच अर्जाने मिळत नाहीत, तिन्हीची खिडकी वेगळी आणि जेवणाची सुट्टी मात्र एकाच वेळी. दोन-दोन प्रती जास्तीच्या काढा.

पूर्ण पदवीसाठी जर्मनीला जाणाऱ्यांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, फी 18000 रुपये, वेळही जातो. एक्सचेंजवाल्यांनी आपला प्रकार एपीएसच्या साइटवर आधी तपासावा. आणि एक बारीक पण महत्त्वाचं, 1 जुलै 2025 पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावर साधं फेरविचाराचं पत्र पाठवायची सोय बंद केलीय. आता नवा अर्ज किंवा कोर्ट. म्हणून पहिलाच अर्ज नीट भरा, घाईत नको.

काही देशांचे अर्ज पुण्यातच व्हीएफएसमध्ये (दूतावासांसाठी व्हिसा अर्ज घेणारी कंपनी) घेतात, ते आधी बघून ठेवा. अमेरिकेचं मात्र मुंबईलाच, बीकेसी. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री जाऊन कुणा मावशीकडे मुक्काम करा. घाटात ट्रक उलटला म्हणून अपॉइंटमेंट चुकली हे त्या खिडकीवर कुणी ऐकून घेत नाही, आणि पुढची तारीख कधी मिळेल याचा नेम नाही.

भाषा शिका थोडी. इंग्रजीतून कोर्स असला तरी नगरपालिकेत पत्ता नोंदवायला, घरमालकाशी बोलायला ए-1 चं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, जर्मन उपयोगी पडतं. बोट क्लब रोडला मॅक्समुलर भवन आहे, एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, अख्ख्या महाराष्ट्रातली मुलं त्यासाठी पुण्यात येऊन राहतात आणि आपण इथलेच असून जात नाही.

सहावं: सोशल मीडिया आणि मुलाखत

अमेरिकेच्या डीएस-160 या व्हिसा अर्जात मागच्या पाच वर्षांतली सगळी सोशल मीडिया हँडल लिहावी लागतात. बंद पडलेलं जुनं अकाउंट लपवू नका, लपवलेलं सापडलं तर पोस्टपेक्षा ते जास्त महागात पडतं. मुलं विचारतात, सगळं डिलीट करू का मॅडम? आदल्या आठवड्यात रिकामं केलेलं अकाउंट कसं दिसतं ते तुम्हीच विचार करा. मत असणं गुन्हा नाही, पण रात्री दोनला रागाच्या भरात फॉरवर्ड केलेलं काय काय आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या. मला स्वतःला हा प्रकार पटत नाही, कुणाच्या वहीत डोकावून प्रवेश द्यायचा. पण व्हिसा त्यांच्या हातात आहे.

मुलाखतीत खरं बोला, थोडक्यात बोला. एक्सचेंजवाल्याची बाजू तशी भक्कम असते, त्याला परत यायचंच असतं कारण पदवी इथे अर्धी राहिलेली असते. तेच सांगा. कॉलेजचं पत्र बरोबर ठेवा ज्यात परत येऊन कुठल्या सेमिस्टरला बसणार ते लिहिलंय.

सातवं: नाहीच जमलं तर काय, हे आधीच लिहून घ्या

हे कुणी करत नाही. नॉमिनेशन झाल्या झाल्या कॉलेजला एक मेल करा आणि लेखी उत्तर घ्या: व्हिसा वेळेत आला नाही तर इथल्या सेमिस्टरला किती तारखेपर्यंत परत बसता येईल? जागा पुढच्या सेमिस्टरला ढकलता येईल का? तिकडून मधेच परत यावं लागलं तर झालेल्या विषयांचं काय? विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा, वसतिगृहाचं डिपॉझिट भरताना परताव्याची अट वाचा.

अतिशयोक्ती वाटते? फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधून हजारो मेडिकलचे विद्यार्थी ऑपरेशन गंगातून आणावे लागले आणि सप्टेंबरमध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) दुसऱ्या देशात जाऊन शिक्षण पूर्ण करायला मान्यता दिली, मधले सहा-सात महिने ती मुलं आणि त्यांचे पालक अधांतरी होते. जून 2025 मध्ये इराणमधून विद्यार्थ्यांना ऑपरेशन सिंधूतून बाहेर काढलं. तेव्हा ज्यांचं नाव दूतावासाकडे होतं त्यांना शोधणं सोपं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, तिथे विद्यार्थी म्हणून नोंदणी करा, दहा मिनिटांचं काम. शेंगेन व्हिसाला किमान 30000 युरोचा विमा लागतो, तो घेताना युद्ध आणि लवकर परत येणं यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बहुतेकांत वगळलेलं असतं.

आणि घरात बसूनही पर्याय आहेत हे विसरू नका. साउथॅम्प्टनने 2025 मध्ये गुरुग्रामला कॅम्पस सुरू केला, डीकिन आणि वोलोंगॉन्ग गुजरातच्या गिफ्ट सिटीत आहेत, आणि जून 2025 मध्ये मुंबईत ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा पाच विद्यापीठांना कॅम्पससाठी इरादापत्रं मिळाली. तिथे शिकून परदेश बघितल्याचं समाधान मिळणार नाही, पण व्हिसाची झोपमोडही नाही. ज्या घरात कर्ज काढूनच जायचंय त्यांनी तरी हे शेजारी मांडून बघावं.

पोहोचल्यावर आणि परतल्यावर

पोहोचल्यावर पहिलं तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसात हजेरी. अमेरिकेत कार्यक्रम सुरू झाल्यापासून 30 दिवसांत सेव्हिसमध्ये नोंद व्हावी लागते, ती ऑफिस करतं पण तुम्ही गेलात तर. जर्मनीत साधारण दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. पोहोचल्याचा सहीचा कागद स्कॅन करून आम्हालाही पाठवा, आईला पाठवता तसा.

निघताना ट्रान्स्क्रिप्ट कधी आणि कुणाकडून मिळणार ते विचारून, मेल आयडी घेऊनच विमानात बसा. इथे आल्यावर क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट जमा होणारं तुमचं ऑनलाइन खातं) दिसतायत का ते स्वतः लॉगिन करून बघा, कुणी तरी करेल म्हणून थांबू नका. मूळ प्रत कुरियरने मागवाल तर हॉस्टेलच्या पत्त्यावर नको, कॉलेजच्या पत्त्यावर, आणि माझ्या नावाने नको, सेलच्या नावाने, कारण जर्मनीचे निकाल बरोब्बर मे महिन्यात येतात आणि मी तेव्हा गावाला असते.